कागदावरची तिसरी सही

सोम. ४ मार्च १९९६, पापाकुरा, न्यूझीलंड

नागरिकत्वाच्या मुलाखतीचं पत्र आलं. २१ तारीख, मी आणि सुधीर एकदमच. सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्यात तेवढ्यात हे झालं, त्यांचा पायगुण म्हणायचा. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून पेढे आणायला हवेत.

फार्मसीत बॅरी आला होता. रिटायर्ड मास्तर, बी.पी.च्या गोळ्या नेतो. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया एक देश करावा का, यावर सार्वमत घ्या, असा अर्ज फिरवतोय. पुरेशा मतदारांच्या सह्या झाल्या की सरकारला लोकांना विचारावंच लागतं म्हणे. मत इथे रेसिडेंटलाही असतं. ताई सिडनीत, मला काय, बरंच! सही केली. लगे हाथ सुधीरची केली, सासूबाईंचीही. पुण्यात सोसायटीचं पत्रक आलं की अख्ख्या घराच्या सह्या मीच ठोकायचे. सासूबाईंची तर हुबेहूब, मराठीत: कमल.

गुरु. ७ मार्च

बॅरीने कोरे कागद काउंटरवर ठेवलेत. खालची बारीक अक्षरं आज वाचली. मतदाराने स्वतःच सही करायची. दुसऱ्याच्या नावाने केली तर गुन्हा. काही सह्या उचलून मतदारयादीशी ताडून बघणार.

सासूबाई यादीत कुठून असणार? व्हिजिटर व्हिसावरची बाई.

आणि मी फार्मासिस्ट! डॉक्टरच्या सहीचा एक फाटा वेगळा दिसला तरी प्रिस्क्रिप्शन अडवून फोन करते. त्या दिवशी अक्कल कुठे गहाण टाकली होती? नागरिकत्वाला चांगलं चारित्र्य लागतं, फॉर्मवर स्वच्छ लिहिलंय. आज गोळ्या मोजताना दोनदा चुकले.

शनि. ९ मार्च

जेवताना सुधीरने आपणहून तोच विषय काढला. हॉस्पिटलात चर्चा चालते. "ऑस्ट्रेलियाच्या घटनेत न्यूझीलंडचं नाव पहिल्यापासून लिहून ठेवलंय. जागा धरून ठेवल्यासारखं. आणि इथे एका पुस्तकात लिहिलेली घटनाच नाही. मग देश मोडायचा ठरवणार कोण? निम्म्यांहून एक मत जास्त पडलं की झालं? आणि तिकडच्यांना नको विचारायला?" मग भात कालवत, "सह्या करणाऱ्यांना वेड लागलंय. तीन वर्षं घासून इथली डॉक्टरीची परीक्षा दिली मी, आता तिकडची देऊ?"

वरण वाढताना डावातलं सांडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं आणि लोणचं हवं का, एवढंच विचारलं.

मंगळ. १२ मार्च

फार्मसीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या अरोहाला सांगितलं. माओरी आहे, इथल्या मूळच्या लोकांपैकी, माझ्याहून वयाने मोठी, पोटात ठेवते. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या राणीबरोबर आमच्या लोकांचा करार झाला, त्यावर माझ्या खापरपणजोबांनी सही केली. चेहऱ्यावरच्या गोंदणातला एक तुकडा काढला कागदावर. सगळ्यांच्या वतीने. आम्ही अजून भांडतोय, कुणाला विचारून केली आणि कशावर केली." मग म्हणे, देश एक झाले तर तो करार कोण पाळणार, हे बॅरीला विचारलं होतं. त्याने तिच्यापुढेही पेन धरलं.

मी तर अर्ज वाचलाही नव्हता. भीतीत आता लाजही मिसळली.

शनि. १६ मार्च

बॅरी म्हणाला, कागद पेनरोजला अर्जवाल्यांकडे गेले. सुधीरला पेढे आणायला जाते सांगितलं आणि पेनरोज गाठलं. एक गोदाम, त्यात खोकी, टेबलाशी एक बाई. कागद परत मिळणार नाही. सह्या काढून टाकायच्या तर पत्र द्या, कारण लिहा, आणि ज्यांची नावं आहेत त्या प्रत्येकाची खरी सही हवी. "स्वीट अ‍ॅज," म्हणाली वर, म्हणजे इथल्या बोलीत ‘काही काळजी नाही’. हिला काय जातंय!

म्हणजे उपाय हाच की कबुलीजबाब लिहून द्यायचा, तोही नेमका मुलाखतीच्या तोंडावर. गप्प बसले तर? हजारो सह्यांत माझा कागद कोण उचलणार? पण त्यावर एकच सही मराठीत आहे. चाळता चाळता कुणाचंही बोट तिथेच थांबेल. नागरिकत्व नाकारलं तर सुधीरचंही जाईल, त्याचा काडीचा दोष नसताना. फार भीती वाटते.

पेढे आणायचे विसरले. बंद होतं दुकान म्हणून खोटं बोलले. आणखी एक.

सोम. १८ मार्च

सुधीर ड्यूटीवर. पत्र लिहिलं आणि सासूबाईंपुढे ठेवलं. सगळं सांगितलं, रडले.

"कसला होता अर्ज?"

"दोन देश एक करायचे का, हे लोकांना विचारा म्हणून."

त्या बेळगावच्या. मग म्हणाल्या, "आम्ही जन्मभर ओरडतोय, आम्हाला विचारा, आम्हाला कुठं जायचंय ते आम्हाला विचारा. कुणी विचारलं नाही. आणि तूही नाहीस गं."

एवढंच. चष्मा मागितला, इंग्रजी पत्र माझ्याकडून दोनदा मराठीत वाचून घेतलं, मग सावकाश सही केली. कमल. मी केलेली हुबेहूब नव्हतीच. त्यांचा हात कापतो आता, मला माहीतच नव्हतं.

"सुधीरला तूच सांग," म्हणाल्या.

गुरु. २१ मार्च

मुलाखतीच्या ऑफिसात बसून लिहितेय. सुधीरला तीन दिवसांत सांगितलं नाही. काल दोनदा सुरुवात केली. गाडीतही. पत्राचं पाकीट पर्समध्ये आहे, त्यात सुधीरच्या सहीची ओळ अजून रिकामी.

आत्ता काउंटरवरच्या बाईंनी दोघांना एकेक फॉर्म दिला. सुधीर खिसे चाचपतोय, चष्मा गाडीत राहिला. फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाला, "माझीही करून टाक ना. नेहमी तूच करतेस."

नाही म्हटलं. टेबलावरचं पेन त्याच्या हातात दिलं. पत्राचं पाकीट काढून त्याच्या फॉर्मवर ठेवलं.

"हे काय?"

आमचं नाव पुकारतायत.