तोमोच्या नावाने आलेला पाहुणा

शिमिझू, ३ ऑक्टोबर

चि. तोमोहारूस, हिसाएताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे बरं आहे. आईला माणसं नीट ओळखू येत नाहीत, पण चार घास जेवते. टुना मासळीच्या कारखान्यातल्या बायका आधी तुझी चौकशी करतात, मग माझी. रोज सकाळी नऊ लाख लोक तुझे व्हिडिओ बघतात म्हणे! गोलरक्षक होतास तेव्हा तू गोल खाल्लास तरच लोक तुझ्याकडे बघायचे.

तुझ्या शाळेच्या संघातला ओगिनो दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा मी कामावर होते, आज भेटला. सभ्य वाटला. आईसाठी तिच्या आवडीच्या गोड वड्या आणल्या होत्या. तुझा गुडघा कसा मोडला, बाबा मैदानावर कशी शिट्टी मारायचे, सगळं त्याला पाठ. तुझी खोली बघायची म्हणाला, दाखवली. जाकीटसुद्धा तुझ्यासारखंच हिरवं. मी हसले, तो मात्र हसला नाही.

स्वतःला जप, आणि ताईला विसरू नकोस.

तुझी,
हिसाएताई


साप्पोरो, ७ ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

काल तुझं पत्र वाचलं. लगेच घरी फोन लावला. आईने उचलला. मी तोमो बोलतोय म्हटलं, तर म्हणाली, काहीतरीच काय, तोमो तर इथे चहा पितोय.

ताई, ओगिनो नावाचा कोणीही आमच्या संघात नव्हता.

कारखान्यात फोन करून मी तुला घरी पळवलं, पण तू पोचण्याआधीच तो गेला. फोनवर तू इतकी रडत होतीस की पुढचं बोलवेना, म्हणून लिहितोय. त्याला हे सगळं मीच सांगितलंय. गुडघा, शिट्टी, गोड वड्या, तू दुपारच्या पाळीला गेलीस की आई चार तास एकटी असते हेसुद्धा. कॅमेऱ्यासमोर, हसत हसत. एकजण रोज व्हिडिओखाली लिहायचा, तुमच्या आई एकट्या असतील ना? मला वाटलं, माणूस कळवळ्याचा आहे. पोलिसांना हे कळवलंय.

कुलूप बदल. आईला एकटी सोडू नकोस. सोमवारी येतोय.

तुझा धाकटा,
तोमोहारू


शिमिझू, १६ ऑक्टोबर

चि. तोमोहारूस, अनेक आशीर्वाद.

तू न जेवता निघून गेलास, ते मनातून जात नाही.

पोलीस म्हणाले, त्या ओगिनोला पकडलं तेव्हा त्याच्या खिशात आपल्या घराची किल्ली होती. मागच्या दाराची, आईनेच दिलेली. मी कुलूप बदललं ते पुढचंच. मागच्या दाराचं सुचलंच नाही, माझंच चुकलं. सोमवारी तू घरात असतानाच तो स्वयंपाकघरातून आत आला आणि तुलाच दरडावून विचारू लागला, की तू कोण? पण खरी भीती त्यानंतरची. आई तुला बघून ओरडली, त्याच्या पाठीमागे लपली, आणि या माणसाला घालव म्हणून त्याची बाही ओढू लागली.

तू व्हिडिओ बंद केलेस, चांगलं केलंस. आई दिवसभर एकच विचारते, तो धिप्पाड माणूस माझ्या तोमोला कुठे घेऊन गेला? धिप्पाड माणूस म्हणजे तू. मी काय सांगू?

वाट बघणारी,
ताई


साप्पोरो, २० ऑक्टोबर

ती. ताईस, शि. सा. न.

इथली खोली सोडली. एक तारखेला कायमचा येतो. आईला सांग, एक भाडेकरू ठेवतोय. तिला माझी भीती वाटेनाशी झाली की मग बघू, काय नाव सांगायचं ते.

तुझा,
तोमो