मेहुण्याची पेशी

३ मार्च, सकाळ
फिट नेमकी कुठून सुरू होते ते शोधायला डॉक्टरांनी माझ्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आहेत. डोक्यावर पट्ट्यांचं मुंडासं. आता पुढची फिट येईपर्यंत नुसतं पडून राहायचं. मला फिट यावी म्हणून सगळे टपून बसलेत. संकल्प: कुणावर ओरडायचं नाही.

दुपार
ओरडलो नाही. सुपाबद्दल दोन शब्द बोललो. ते ओरडणं नव्हे.

४ मार्च
संशोधन करणाऱ्या बाई आल्या. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूतली एखादी पेशी जागी होते म्हणे, आणि तारेला जोडलेल्या स्पीकरवर तिचा आवाज ऐकू येतो. घरच्यांचे फोटो हवेत म्हणाल्या. ताबडतोब होकार दिला. मी चष्म्यांचा दुकानदार. जन्मभर लोकांची तोंडंच बघत आलोय. बायकोला सांगितलं, तुझ्या फोटोला स्पीकर फुटेल. ती म्हणाली, बघू. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा अविश्वास!

५ मार्च
बायकोचा फोटो. स्पीकर गप्प. लग्नातला फोटो. गप्प. बाई सावरून घेत म्हणाल्या, पेशी अब्जावधी, तारा मोजक्या. मिसेसची पेशी दुसरीकडे असेल. बायको म्हणाली, असणारच, मी बोलते तेव्हा यांचं लक्षही दुसरीकडेच असतं.
मग मेहुण्याचा फोटो आला. तडतडतड! पत्र्यावर गारा पडाव्यात तसं.
या इसमानं चारचौघांत माझ्या गाण्याला 'नळाला हवा आली' म्हटलं होतं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याचं तोंडही मला आठवत नाही. मशीन बिघडलंय म्हटलं. बाईंनी पुन्हा दाखवला. गारा. नुसतं नाव लिहून दाखवलं. गारा! बाई खूश. माझ्याच मेंदूतली पेशी, आणि फितूर.

६ मार्च
बायकोनं भावाला कळवलंच. उद्या येतोय. माझा बेत पक्का: चेहरा कोरा ठेवून फक्त 'आपण कोण?' विचारायचं. नर्सवर रंगीत तालीम केली. तिनं धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी मला आजचा वार विचारला. चुकला.

७ मार्च
आला. केस गेलेत, पोट आलंय. नेमक्या बाई स्पीकर लावून बसलेल्या. मी छताकडे बघत विचारलं, आपण कोण? तडतडतड! नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. तो म्हणाला, भावजी, मी तेव्हा तसं बोलायला नको होतं. पुन्हा तडतड. मी बाईंना म्हटलं, ते बंद करा आधी. नंतर तो बराच वेळ माझे पाय चेपत बसला. डोळ्यांत पाणी आलं ते पट्टी घट्ट बसल्यामुळे.

९ मार्च
काल फिट आली. मोठी. जागा सापडली, डॉक्टर समाधानी. डोळे उघडले तेव्हा शेजारी एक टकला माणूस माझा हात धरून बसला होता. कोण ते कळेना. अगदी खरं, कळेना. घाबरलो. विचारलं, आपण कोण?
तो खो खो हसला. बायको म्हणाली, पुरे आता नाटकं.
बाईंनी मशीन सकाळीच नेलं होतं, त्यामुळे साक्षीला कुणी नाही. मी हात मात्र सोडला नाही. कुणाचा का असेना.