सरका जरा

३ ऑगस्ट

चि. घुबडीस,
अनेक आशीर्वाद.

परवा दुकानात ब्लाउज बेतत होते. एक गिऱ्हाईक आलं आणि बाकावरच्या बाईला म्हणालं, सरका जरा, मी आलेय! सगळ्या हसल्या. म्हणे रेडिओवर तू रोज रात्री अशीच सुरुवात करतेस.

अगं, एका गादीवर वाढलो आपण. उशिरा यायचीस आणि मला कोपराने ढोसून हेच म्हणायचीस. आपल्या दोघींचं होतं ते, तू देशभर वाटून टाकलंस. माझा नुसता जळफळाट होतो, लपवत नाही. परक्यांची रडगाणी तासभर ऐकतेस, आणि मी फोन केला की तुझी आपली गर्दीघाई. गल्लीतल्या बायका तुला 'आपली' म्हणतात. त्यांची कुठली?

घशाला जप. लोभ उरला असेल तर असू दे.

तुझी ताई


९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राआधीच तुझी तक्रार पोचली होती. गेल्या आठवड्यात कार्यक्रमात एका 'मास्तरीणबाईं'चा फोन आला. धाकटी बहीण मोठी झाली, आता कायम गर्दीघाईत असते म्हणाल्या. ताई, आवाज कितीही बदल, घाईगर्दीला गर्दीघाई म्हणणारी जगात एकच आहे.

निर्माता काचेपलीकडून आटप म्हणून हातवारे करत होता. मी गाणं गाळलं, बातम्या उशिरा गेल्या, वरून बोलणी खाल्ली. ओळख दिली असती तर तू फोन ठेवला असतास.

पण खरं सांगू? मलाच त्या रेडिओवालीचा हेवा वाटला. तिला तू चक्क 'अहो ताई' म्हणालीस आणि मन मोकळं केलंस. मला आपलं घशाला जप!

तुला डाचत असेल तर ते वाक्य उद्यापासून बंद. कळव.

रागासकट लोभ चालेल.

तुझी घुबडी


१४ ऑगस्ट

चि. घुबडीस,
अनेक आशीर्वाद.

मेले मी लाजेने! यांना सांगितलं तर हे पोट धरून हसले.

पण ती रेडिओवाली मला म्हणाली, सावकाश बोला, मी आहे. इतकं गोड तू माझ्याशी कधी बोलली नाहीस. तिच्यावर माझा अजून राग आहे.

वाक्य राहू दे, बाई. लोकांना सवय झालीय. रविवारी तुला सुट्टी असते, तेव्हा इकडे ये. हे बाहेरच्या खोलीत झोपतील. कोपराने ढोस, मी सरकेन. भिंतीकडची बाजू मात्र माझी. ती मागितलीस तर पुन्हा फोन लावीन, आणि या वेळी नाव सांगून.

वाट पाहते, लोभ त्यातच आला.

तुझीच ताई, देशाची नव्हे