पूजेनंतर दिसणारं लिंग

प्रिय शिवांजली,

अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. मान तिरपी करून, कडेच्या नजरेनं लिहितोय. सरळ बघितलं की लिहिलेला शब्दच दिसत नाही. लई घाबरलोय गं मी.

कळंबच्या कॉलेजात मी फिनॉमेनॉलॉजी शिकवतो, हे तुला ठाऊकच आहे. सुरुवात व्हिएन्नातल्या एका मास्तरांपासून करतो. जाणीव कधी रिकामी नसते, ती कशाची तरीच असते, असं ते शिकवायचे. मग त्यांचा शिष्य, मूळचा गणितवाला. वस्तू खरंच आहे का हा प्रश्न कंसात ठेवा आणि ती दिसते कशी ते आधी नीट सांगा, असं त्याचं म्हणणं. तिथून हे शास्त्र उभं राहिलं. हे समजवायला मी आपल्या घरचं उदाहरण द्यायचो, रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन एकटक बघण्याचं. पोरं खूश, मीही खूश.

दिवाळीनंतर काय झालं, पूजा आटोपून लिंग गळ्यात घातलं तरी ते समोरच राहायला लागलं. काळं, गोल, मधोमध. भिंतीकडं बघावं तर भिंतीवर, ताटात बघावं तर भाकरीवर. मला वाटलं, अप्पांवर झाली तीच कृपा त्यांच्या लेकावरही झाली! शेवटी शेवटी अप्पांना जिथं तिथं लिंग दिसायचं, अख्खं ईट गाव त्यांच्या पाया पडायला यायचं. मी तर पडलो शहाणा. खरं की भास, हे कंसात टाकून ते कसं दिसतं याचं वर्णन करत बसलो. तुझी वहिनी कानीकपाळी ओरडत होती, अहो, डोळे दाखवा. तिलाच मी कंसाचं महत्त्व सांगितलं. कर्म माझं!

मग त्या काळ्यात तिचाच चेहरा गेला. कान दिसतात, अंबाडा दिसतो, मधे काही नाही. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा खराब झालाय. उजवा गेल्यातच जमा, डावा इंजेक्शनांनी टिकला तर टिकला. गणितवाल्याचा शिष्य पुढं गुरूच्याच विरोधात गेला. माणूस भीती-काळजीसकट जगात आधीच पडलेला असतो, त्याला बाजूला कसं उभं राहता येईल, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर फ्रान्समध्ये शरीराचा विचार आला, की बघणारा डोळा हाडामांसाचा असतो. हे सगळं मी परीक्षेला येतं म्हणून शिकवलं. आता सकाळी डोळे उघडायचीच धडकी भरते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? नाही म्हणणार होतो, तेवढ्यात अप्पा आठवले. अगं, अप्पा आंधळे होत होते आणि आपण त्यांच्या पाया पडत होतो! आणि परवा तू भूमहून फोनवर एवढ्या आनंदानं म्हणालीस, अण्णा, पूजा झाल्यावर मलाबी आता लिंग दिसायला लागलंय. फोनवर सांगून तुला पटलं नसतं, म्हणून फोन ठेवला. हे पत्र घेऊन बालाजीला आजच्याच एसटीनं पाठवतोय. तुझा भाचा दारात आला की चहापाण्यात वेळ घालवू नकोस, त्याच्याबरोबर तशीच नीघ. तुझा डोळा अजून वाचेल. देवाला काय वाटेल, असं मनात आणू नकोस. उद्याची पूजा राहिली तरी चालेल, आधी सोलापूर.

तुझाच,
अण्णा