झाकणाखालचे थेंब

साकाता,
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. चिनात्सुस,
अनेक आशीर्वाद.

सोमवारी पहाटे इथे पहिला बर्फ पडला. सेंदाईत अजून नसेल, तरी मोजे घालून झोपत जा, तुला लगेच खोकला होतो. यंदा झाडावरचे पर्सिमन गोड निघाले. सोलून वळचणीला टांगलेत, वाळले की धाडते.

फोन करायचा सोडून पत्र का, म्हणशील. फोनवर मला खोटं बोलायची सवय लागली आहे. "सगळं ठीक" हे तोंडातून आपोआप निघतं. मंगळवारी तुझा फोन आला तेव्हाही निघालं.

रविवारी तुझी होणारी सासू, केइताची आई, न कळवता येऊन गेली. केइता माणूस चांगला आहे, तुला जपेल. चहा झाला, तुझं कौतुक झालं आणि मग म्हणाल्या, "थोरले चिरंजीव सापोरोला असतात ना? लग्नाला सुट्टी मिळेल ना त्यांना?"

तुझ्या बाबांनी रिकामा कप तोंडाला लावला. म्हणजे उत्तर मी द्यायचं. मी म्हटलं, "त्याचं नाव आम्ही घेत नाही. आम्हाला एकच मूल आहे असं समजा."

भांडून तुटलेला मुलगा लोकांना समजतो ग. नोकरी सोडून सात वर्षं वरच्या खोलीत दार लावून बसलेला समजत नाही. तू केइताला खरं सांगणार होतीस, मीच तुला शपथ घातली. रविवारी मी बोलत होते तेव्हा वर फळी कुरकुरत होती. माझं वाक्य संपलं आणि ती थांबली. आपलं छत किती पातळ आहे तुला ठाऊक आहे.

परगावी असलेल्याच्या नावाने रोज पान मांडायची आपली रीत तुला आठवते ना? मागे शेजारच्या ओकाबेकाकूंनी खिडकीतून तिसरा वाडगा पाहिला, तेव्हा मी तिचीच थाप मारली. "पोरगा एकटा असतो हो तिकडे." त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून टिकलंय बाई हे." ते पान मी दोन वेळा जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवत होते, आणि जेवणारा दाराआड होता.

सोमवारी सकाळी पान तसंच होतं. दार उघडं. गादी घडी घालून ठेवलेली, खोली झाडलेली. त्याचे तपकिरी बूट मी दर महिन्याला पॉलिश करून कपाटात ठेवते, ते नव्हते. कोट मात्र खुंटीलाच होता.

हे मी तुला तीन दिवस सांगितलं नाही. तुझे बाबा म्हणतात, "तीस तारखेला लग्न आहे, तोवर थांब. पोलीस दारात आले की गल्लीभर होईल. पोरीचं लग्न मोडायचंय का तुला? भूक लागली की येईल तो." असं म्हणतात आणि दिवसातून तीनदा सिगारेट आणायला सायकल काढतात. सिगारेट सोडून त्यांना अकरा वर्षं झाली. परतल्यावर चाकांना नदीकाठचा चिखल असतो. मी विचारत नाही, फडक्याने पुसून टाकते.

मी आता खरोखरच त्याच्या नावाने पान मांडते. तुझी आजी सांगायची, झाकणाला आतून थेंब दिसले की तो माणूस सुखरूप. रोज कढत भातावर झाकण घालते, थेंब दिसले की जीव भांड्यात पडतो. आज उशीर झाला, भात निवला. झाकण कोरडं निघालं. निवलेल्या भाताला वाफ नसते एवढं मला कळतं. तरी मी तिथेच जमिनीवर बसले.

भीती वाटते, चिनात्सु. पोलीस विचारतील, दिसतो कसा? काय सांगू? सात वर्षांत त्याचा फक्त हात पाहिला मी, पान आत ओढताना. दाढी आहे का, केस पिकले का, माहीत नाही. रस्त्यात समोर आला तर ओळखेन का?

एवढं लिहिलं आणि ओकाबेकाकू गल्लीच्या सूचनांची वही घेऊन दारात आल्या. मी वाचल्याचा शिक्का मारला. त्या जाईनात. माझ्याच तोंडून निघालं, "तोमोहारु सापोरोला नव्हता हो. वर होता."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "वरचा दिवा दिसायचा की आम्हाला. सगळ्यांनाच."

मग खाली मान घालून म्हणाल्या, "सोमवारी पहाटे मी बर्फ झाडत होते. तो समोरून गेला, अंगात नुसता स्वेटर. थांबला, वाकून नमस्कारसुद्धा केला मला. बंदराच्या रस्त्याने गेला."

"हाक नाही मारलीत?"

"कशी मारणार? तुम्ही तर म्हणाला होतात, तो इथे नाही. तुमचा शब्द खोटा पाडायचा कसा?"

मी त्यांच्यावर चिडूही शकले नाही. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

बाबांना उठवलंय. त्यांनी तोमोहारुचा कोट खुंटीवरून काढून हातात घेतलाय. आम्ही चौकीत जातोय, नंतर बंदरावर. हे पत्र वाटेतल्या पेटीत टाकते. केइताच्या आईला संध्याकाळी मीच फोन करेन आणि रविवारी खोटं बोलले असं सांगेन. तुझं लग्न मोडलं तर मला माफ करू नकोस, पण घरी ये.

दोन मुलांची आई,
हिसाए