अप्पांचं मनगट

अप्पा, आज माळशिरसच्या एका खेळाडूनं तुमचं मनगट मारलं. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

कापडगिरणीच्या मागात सापडून तुमच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कायमची ताठ झाली, तेव्हा गिरणीतले सगळे म्हणाले की आता यांचं बास्केटबॉल संपलं. जखम भरल्यावर महिनाभरात तुम्ही मैदानावर होतात. उंची होती, उडी होती, पण बोटांनी चेंडू धरवेना. मग तुम्ही मनगट आत मुडपून त्यात चेंडू दाबून धरायला लागलात. धावत यायचं, उडी घ्यायची, सरळ हाताचा खालून वर मोठा वळसा द्यायचा आणि चेंडू वरून रिंगमध्ये आदळायचा. त्याला आता सगळे डंक म्हणतात. तुम्ही 'कोंबायचा' म्हणायचात. तुम्ही धावायला लागलात की कडेचे लोक ओरडायचे, "मनगट! मनगट!"

मी सहावीत असतानाची एक मॅच आहे. खेळ सुरू व्हायच्या आधी समोरच्या संघातले दोघं बोटं वेडीवाकडी करून, मनगटात चेंडू धरून तुमची नक्कल करतायत, लोक हसतायत. शेजारी बसलेली मैत्रीण विचारते, "ते तुझे पप्पा हायत का गं?" आणि मी नाही म्हणते. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. घरी येताना सायकलच्या कॅरिअरवर बसून मी रडत होते, तर तुम्हाला वाटलं, त्या नकलेचंच वाईट वाटलं.

"रडतीस कशाला? त्येंना जमलं का? चेंडू सुटला का न्हाय हातातनं?"

"सुटला."

"मग? लई अवघड हाय ते. म्हणून तर हसत्यात."

आता मी जुळे सोलापुरातल्या एका शाळेत खेळ शिकवते, आणि स्पर्धा असली की गुण लिहायला टेबलावर बसते. आज सोलापूर आणि माळशिरसच्या कॉलेज संघांची मॅच होती. माळशिरसचा तो उंच खेळाडू डावीकडून निघाला आणि मला आधी त्याचं मुडपलेलं मनगट दिसलं. मग तो हवेत गेला. हात खालून वर आला, रिंग थडथडली, आणि क्षणभर मला गिरणीचं मैदानच दिसलं. त्याची दहाही बोटं धडधाकट होती, अप्पा. त्याला तसं धरायची काही गरज नव्हती.

मॅच संपल्यावर मी त्याला गाठलं. "हे कुठं शिकलास?"

"आमच्या सरांकडं. सोलापुरात गिरणीतले एक जण होते म्हणे, त्यांचं हाय हे. सर आधी टिंगल म्हणून करायला गेले, जमलं नाही. मग इरेला पेटून दोन वर्षं घोटलं. आता आमाला घोटायला लावत्यात."

"ते माझे वडील," मी म्हणाले. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पाणी पीत बसलेले दोन्ही संघ वळून बघायला लागले.

"खरंच बोटं नव्हती मॅडम त्यांना?"

"होती की. मिटत नव्हती."

मग काय, सगळेच उठले. दोन्हीकडचे सात-आठ जण रांगेत उभे राहिले आणि एकेक जण मनगट मुडपून धावायला लागला. कुणाचा चेंडू वाटेतच सुटला, कुणाचा रिंगवर आपटून पार कुंपणाकडे गेला. हसत होते, पण पुन्हा रांगेत येऊन उभे राहत होते. मला बसवेना. मी साडीचा पदर खोचून कोर्टवर गेले आणि सांगितलं, "कोपर वाकवू नका. अप्पांचा हात सरळ असायचा, खांद्यापासून." पाचव्या की सहाव्या वेळी आपल्या सोलापूरच्या एकाला जमलं. तो खाली उतरला आणि आधी त्यानं माझ्याकडे बघितलं, बरोबर का म्हणून. मी नुसती मान हलवली.

हे पत्र स्पर्धेच्या फायलीत ठेवून देते. पाठवणार तरी कुठं? फक्त एक चूक कबूल करायची आहे. मॅचमधल्या त्या मनगटाचे दोन गुण मी वेळेवर लिहिलेच नाहीत. पंचांनी खूण केली, शिट्टी वाजली, शेजारच्या बाईंनी ढोसलं तेव्हा कुठं कळलं, की पेन टाकून मी उभी राहून टाळ्या वाजवत होते.