दोन जुने गडी

३ नोव्हेंबर १९५७, रविवार
सरावाला पाचच जण. दिवाळीतले सगळे सामने हरल्यापासून हुतुतूत कुणाचं मन नाही. गावची चांगली पोरं नव्या कारखान्यात लागली, तिथल्याच संघातून खेळतात. आपल्याकडे चढाईला उरले दोघे, धोंडिबा आणि अब्बास. दोघांची चाळिशी जवळ आलेली.
संध्याकाळी दिवसपाळी सुटताना कारखान्याचे लेबर ऑफिसर स्टेशनवर भेटले. "अण्णा, तुमचे दोन म्हातारे आम्हाला द्या. यंदा पुण्याच्या स्पर्धेची ढाल आणायचीय. बदल्यात तुमच्या गावची तीन पोरं तुमच्याकडून खेळतील. दोघांना पहारेकऱ्याची कायमची नोकरी." अट एकच. दोघे मिळून हवेत, एकटा नको.
संघ पुन्हा उभा करायचा तर तरणे गडी पाहिजेत. हे खरंच आहे. पण

५ नोव्हेंबर
भैरोबाला कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर दोघांना पाठवायचं. उजवंच पडलं, लगेच. मन हलकं व्हायला हवं होतं.

७ नोव्हेंबर
सकाळी पिंपरी कॅम्पात, अब्बासच्या सायकलच्या दुकानात. चाक मांडीवर घेऊन बसला होता. ऐकून म्हणाला, "अण्णा, पोरगी लग्नाला आली. मी जातो. पन धोंड्याला तुमीच सांगा. माजी जीभ न्हाई रेटत."
धोंडिबा नदीवर बैल धूत होता. माझं सगळं ऐकून घेतलं. "बैल बदलायचा तरी गिऱ्हाईक आदी दात बघतं, अण्णा. माजं कुनी बघितलं?" हसला. मग हसू गेलं. "माजी रानाची पट्टी त्यांच्याच कुंपनात गेली. आता तिच्यावर पहारा द्यायला मीच जाऊ व्हय?"
मी म्हटलं, कौल उजवा आला.
"देवाला इचारलंत, बरं केलंत. मला कवा इचारनार हुता?"
 पवनेचं पाणी बघत उभा राहिलो.

१० नोव्हेंबर
संकष्टी. उपास. मोरयाचं दर्शन घेतलं, पण जपात धों.चं वाक्य मध्ये येत राहिलं. पंचवीस वर्षं कौल लावत आलो. पावसाचा, सोयरिकीचा, विहिरीचा. माणसाचा कधी लावला नव्हता.
मैदानावर नेहमीप्रमाणे धों. सगळ्यांच्या आधी येऊन पाणी शिंपडत होता. अब्बास आला, त्याने दुसरी घागर उचलली. एकमेकांशी शब्द नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
चाकणला सामना. कारखान्याचे साहेब मुद्दाम बघायला आले होते.
शेवटची चढाई धों.ची. तिघांना शिवून आला, सामना आपला. पोरांनी टोप्या उडवल्या. आणि हा मधल्या रेघेवर हात वर करून उभा. "पंच, दम मधीच तुटला हुता. मी बाद."
आपल्या संघाची रीत आहे. चढाईत 'हुतुतू' म्हणताना दम तुटला की ज्याचा त्याने सांगायचा. मीच घालून दिलेली. चाकणकरांना ऐकू गेलं नव्हतं, पंचांनाही नाही. हरलो.
येताना पोरं चिडलेली. एक म्हणाला, "काका, पंचाला ऐकू आलं नव्हतं ना? मग तुमचं तोंड कशाला वाजलं?"
"पंचाला न्हाई आलं. मला आलं."
साहेब जाताना मला म्हणाले, "हा तुमचा धोंडिबा खेळाडू आहे की कीर्तनकार? विचार करावा लागेल. गुरुवारी येतो." म्हणजे अब्बासचंही अडलं. जोडीचीच अट.

१९ नोव्हेंबर
सकाळी धों. घरी आला. उंबऱ्याच्या आत येईना. "माज्या एका हातानं अब्बासची नोकरी जायाची. साहेबाला सांगा, मी येतो. पहारा तर पहारा. हिला सांगितलं, ती रडली. त्याला नका सांगू."
दुपारी अब्बास. सायकल भिंतीला न लावता तशीच धरून बोलला. "त्यानं हात वर केला नसता तर मी केला असता. त्याला त्याच्याच रानात कोंडून मला नोकरी नको. साहेबाला न्हाई म्हना. त्याला नका सांगू."
जो जाणार नव्हता तो निघाला, जो निघाला होता तो राहतो म्हणतो. दोघांनी मला शपथ घातली. तीन पोरं, यंदाचा संघ, ढाल, यांतलं काही माझ्या मनात आता टिकत नाही.

२० नोव्हेंबर
पहाटे भैरोबाला गेलो. फुलं ओली करून हातात धरली. काय विचारणार? खांद्यावर न लावता पायाशी ठेवली.
उद्या साहेब यायच्या आधी दोघांनाही मैदानावर बोलावलं आहे, एकाच वेळी. शपथ मोडेल. मोडू दे, दोष माझा. मला सांगितलंत ते एकमेकांना सांगा, एवढंच म्हणून मी गप्प बसणार.
ते एकमेकांसमोर बोलतील का, की नुसते घागरी उचलतील